अळणी मंडल

मूत्रपिंडांच्या डोक्यावर तिरकी टोपी घातल्यासारख्या दोन ग्रंथी असतात. अधिवृक्क ग्रंथी, इंग्रजीत ॲड्रीनल. एकेकीचं वजन जेमतेम एका सुपारीएवढं. बसवनगुडीतल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत होतो आणि दर वर्षी सप्टेंबरात या ग्रंथींवर दोन तास बोलायचो. त्या निकामी झाल्या तर शरीरातलं मीठ लघवीवाटे वाहून जातं, रक्तदाब खाली बसतो, कातडी काळी पडत जाते, रोगी मिठासाठी तळमळतो आणि एक दिवस साध्या तापानं किंवा उलटीनं संपतो, असं मी फळ्यावर क्रमवार लिहून द्यायचो. साठ मुलं ते उतरवून घ्यायची, त्यातली निम्मी झोपेत. आणि माझ्याच घरात माझ्या सख्ख्या बहिणीच्या या दोन ग्रंथी दीड वर्ष मरत होत्या, आणि मला काय दिसलं, तर पोरगी उन्हात फार हिंडते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

घरात आम्ही तिघं. मी गुरुराज, माझ्याहून आठ वर्षांनी लहान प्रेमा, आणि अम्मा, जिला गल्लीतले लोक गोदूबाई म्हणायचे. वडील भीमाचार्य शाळेत संस्कृत शिकवायचे; ते १९५१ साली गेले. गांधी बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर. पिढ्यान्‌पिढ्या इकडे कानडी मुलखातच राहून आमची मराठी अशी झालेली की पुण्याचा पाहुणा आला की आधी हसायचा आणि मग जेवायचा. प्रेमाचं लग्न झाल्याशिवाय माझं करायचं नाही असं अम्मानं ठरवलं होतं, त्यामुळे मी तिसाव्या वर्षीही मोकळा होतो. मला त्याची काही घाई नव्हती.

मला चित्र काढता येत नाही. मी बेडूक काढला की मुलांना तो बटाटा वाटायचा. म्हणून वर्गातले माझे सगळे तक्ते प्रेमा काढून द्यायची, ओसरीवर पालथी पडून, जीभ दातांत धरून. मला ती ‘मेष्ट्रे’ म्हणायची. कानडीत गुरुजींना म्हणतात तसं. नक्कल करण्यात पटाईत होती. आमचे प्रिन्सिपॉल धोतराचा सोगा सावरत जिना कसे चढतात हे तिनं एकदा करून दाखवलं, तर अम्मासुद्धा पदरात तोंड लपवून हसली होती.

ती काळवंडू लागली १९५७ च्या सुमारास. आधी बोटांची पेरं, मग तळहातावरच्या रेषा, मग गुडघ्यावरचा लहानपणचा व्रण. अम्मा रोज डाळीचं पीठ आणि हळद चोळायची. पोरगी दिवसेंदिवस वाळत चालली होती, जिन्याच्या चार पायऱ्या चढली की बसायची, आणि येता-जाता मिठाच्या बरणीत हात घालायची. लोणच्याचा खार वाटीत घेऊन ताक प्यावं तसा प्यायची. “सासरी जाऊन असं मीठ चाटत बसलीस तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील,” अम्मा म्हणायची. दावणगेऱ्याहून एक मंडळी बघायला आली, नीट जेवली, आणि ‘पत्रानं कळवतो’ म्हणून गेली. पत्र आलं नाही. अम्मा आठवडाभर माझ्याशीही बोलली नाही.

मग एका सकाळी गांधी बाजारात फुलं घेता घेता प्रेमा चक्कर येऊन पडली. फूलवालीनं पाणी मारलं आणि तिला हाताला धरून घरी आणून सोडलं. मी दोघींना घेऊन मल्लेश्वरमला डॉक्टर श्रीधररावांकडे गेलो. आमच्यातलेच, वडिलांच्या ओळखीचे. त्यांनी प्रेमाला तपासलं, तिचा ओठ उलटून हिरड्या पाहिल्या, रक्तदाब घेतला, आणि दोघींना बाहेर बाकावर बसायला सांगून मला आत थांबवलं. खुर्चीवर बसत त्यांनी इंग्रजीत एकच प्रश्न विचारला, “ही मीठ फार खाते का हो?”

मला कळलं. त्या एका प्रश्नानं सगळं कळलं, आणि लाजेनं मला घाम फुटला. पुढची दहा मिनिटं ते मला माझाच धडा शिकवत होते. ग्रंथी बहुतेक क्षयानं खाल्ल्या असाव्यात. पंधरा वर्षांपूर्वी याला उपाय नव्हता. आता कॉर्टिझोनच्या गोळ्या निघाल्यात, त्या जन्मभर घ्यायच्या, एक दिवसही चुकवायच्या नाहीत. गोळ्यांच्या जोडीला रोज दोन चमचे मीठ, नेहमीच्या जेवणाशिवाय वेगळं. “मिठाला औषध समजा,” ते म्हणाले. “ताप, उलटी, उपास, काहीही झालं तर लगेच मला कळवा. पायाला सूज आली तरी कळवा, मग मी प्रमाण बदलीन.” मी मान डोलवत होतो. बाहेर बाकावर अम्मा हातात प्रेमाच्या चपला धरून बसली होती.

बसमध्ये अम्मानं विचारलं, “काय म्हणाले रे?”

“अशक्तपणा आहे. गोळ्या दिल्यात. आणि मीठ खायचं.”

“मीठ? अजून?”

“हो.”

“कशाला पण?”

“तुला नाही कळायचं, अम्मा. सांगितलंय तेवढं कर.”

एवढंच बोललो मी. साठ परक्या पोरांना दर वर्षी दोन तास समजावून सांगणारा हा शहाणा, आईला दोन वाक्यं सांगायचा त्याला कंटाळा आला. बस गर्दीची होती, उकडत होतं, मला भूक लागली होती, ही सगळी कारणं मी पुढं स्वतःला देऊन पाहिली. एकही टिकलं नाही.

गोळ्या मद्रासहून पोस्टानं यायच्या, कापसात गुंडाळून. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा अम्मानं बाटली उजेडात धरून विचारलं, “कशाच्या केलेल्या असतात ह्या?” आमचं घर माध्व, कडक सोवळ्याचं. काही कंपन्या त्या गोळ्या बैलाच्या पित्तापासून करतात हे मी वाचलं होतं, आणि काही मेक्सिकोतल्या एका कंदापासून करतात हेही. मी कंद निवडला. “कंद म्हणजे?” अम्मा म्हणाली. “कांदा-लसणाच्या जातीतला नव्हे ना?” सुरणाच्या जातीतला आहे असं मी ठोकून दिलं. प्रेमा दाराआड तोंडावर हात दाबून हसत होती.

तीन आठवड्यांत ती उठून हिंडू लागली. काळेपणा फिकट होऊ लागला, गाल भरले, चेहरा गोल झाला. मला तर आकाश ठेंगणं झालं. मी कॉलेजात दोन-तीन जणांना, नाव न सांगता, या रोग्याची हकिगत चांगली रंगवून सांगितलीसुद्धा. वर्ष सरत आलं. दावणगेऱ्याचं सोडा, आता म्हैसूरचं एक स्थळ चालून आलं होतं.

मी चेहरा पाहत होतो. पाय अम्मानं पाहिले. एकोणसाठच्या जूनमध्ये प्रेमा न्हायला बसली असताना अम्मानं तिच्या घोट्याजवळ अंगठा दाबला, आणि तिथं खळगा पडला. तो तसाच राहिला.

अम्माला हा खळगा ओळखीचा होता. वडिलांच्या पायावर तो दोन वर्षं पडत होता. त्यांना डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं आणि ते पोथ्यांच्या पेटीत लिंबाच्या लोणच्याची बरणी लपवून खात होते. ते गेल्यावर पेटी उघडली तेव्हा बरणी सापडली. अम्मानं ती परसात आपटून फोडली आणि मग काचा वेचत तासभर रडली होती. मीठ माणसाला सुजवतं आणि मारतं हे तिला कुणी फळ्यावर लिहून दिलेलं नव्हतं. तिनं ते घरात पाहिलेलं होतं. आणि त्याच्या विरुद्ध तिच्याकडे काय होतं? माझं एक वाक्य, बसमध्ये खेकसलेलं.

तिनं मला विचारलं नाही. विचारलं तर मी काय म्हणणार हे तिला पाठ होतं. तिनं रायरांच्या, म्हणजे आमच्या गुरुस्वामींच्या, मठात जाऊन मंडल बोलून घेतलं, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवसांची सेवा. रोज पहाटे मायलेकींनी मठात प्रदक्षिणा घालायच्या आणि एकवेळ अळणी जेवायचं, मिठाचा कण पोटात जाऊ द्यायचा नाही. प्रेमानं आधी मानलं नाही. “डॉक्टरांनी मीठ खायला सांगितलंय, अम्मा.” त्यावर अम्मानं तिचे पाय तिलाच दाखवले, आणि वडिलांचं सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि रडली. मग म्हणाली, “गोळ्या घे की, मी कुठं नको म्हणते? मीठ तेवढं सोड. मीही सोडते. स्वल्प दिवसांचा तर प्रश्न.” आणि म्हणाली, “गुरूला सांगू नकोस. तो व्रत मोडेल.” हे मला प्रेमाकडून कळलं, पण फार उशिरा.

मला फक्त प्रदक्षिणांचं सांगितलं गेलं. मी थोडी कुरकूर केली, मग वाटलं, चालतेय तर चालू दे, वर्षापूर्वी हिला जिना चढवत नव्हता. देवाधर्माच्या आड येऊन अम्माशी भांडण करायची मला हौस नव्हती.

कुणी विचारेल, एका घरात राहून तुला बहीण काय खाते ते दिसलं नाही? नाही दिसलं. आमच्याकडे पुरुषांची पानं आधी, बाहेरच्या सोप्यात. ती उठली की बायका आत, चुलीजवळ, मडीत जेवायच्या. मडी म्हणजे सोवळं. कॉलेजातून आलेल्या माणसानं तो उंबरा ओलांडायचा नाही. माझ्या पानात सारं नेहमीसारखं, चवीचं, मिठाचं. अम्मा माझ्यासाठी वेगळं सार करत होती हे मला कळायचं काही कारण नव्हतं. प्रेमा मोठी झाल्यापासून मी तिला जेवताना पाहिलेलंच नव्हतं, आणि त्यात काही चमत्कारिक आहे असं मला कधी वाटलं नाही. पुष्कळ घरांतून असंच चालायचं.

मी विचारायचो मात्र. हात धुता धुता आत आवाज टाकायचो, “प्रेमा, मीठ घेतेस ना गं?”

“घेत्ये हो, मेष्ट्रे. समुद्र आटत आलाय.”

मी हसून पुढं जायचो.

महिना उलटल्यावर ती पुन्हा मलूल दिसू लागली. दाराला टेकून उभी राहायची. एकदा तक्ता रंगवायला बसली आणि अर्ध्यावर टाकून आडवी झाली. मी म्हटलं, “या प्रदक्षिणा पुरेत आता.” अम्मा म्हणाली, “संपत आलं की रे. पायांची सूज बघ कशी उतरली.” तेव्हा मी प्रथमच ऐकलं की सूज होती. “सूज होती? मला कुणी सांगितलं का नाही?” मी ओरडलो. “उतरली ना आता? मग सांगायचं काय?” अम्मा म्हणाली. सूज आली तर कळवा असं डॉक्टर म्हणाले होते. ती उतरली आहे तर रविवारी जाऊन सांगून येऊ, असं मी ठरवलं. त्या रविवारी कॉलेजात काहीतरी काम निघालं.

पुढच्या आठवड्यात प्रथमैकादशी आली. चातुर्मास लागतो ती आषाढातली एकादशी आमच्याकडे निर्जळी असते, लहान पोरं सोडून सगळ्यांना. मी आदल्या दिवशीच बजावलं, “प्रेमा उपास करणार नाही. डॉक्टरांची सक्त मनाई आहे.”

“सरी, सरी,” अम्मानं कानडीत होकार दिला. “तिला मी दूध देईन.”

तिनं दिलं असेलही. प्रेमानं ते घेतलं नाही. मंडलाचा सदतिसावा दिवस होता. इतके दिवस अम्मानं तिच्यासाठी तोंड अळणी ठेवलं, आता एका दिवसासाठी कशाला मोडायचं, असा तिनं विचार केला. गोळी तिनं पळीभर तीर्थाबरोबर गिळली.

द्वादशीला उजाडताच पारणं सोडायचं असतं. मी बाहेर जेवून उठलो होतो आणि पानाचा विडा तोंडात घालत होतो, तेवढ्यात आत तांब्या गडगडल्याचा आवाज आला आणि अम्मा ओरडली, “गुरू!”

मी उंबरा ओलांडून आत गेलो. प्रेमा पानावरच कलंडली होती. ओकली होती, ओठ निळसर, हात बर्फ. तिला उचलताना माझी नजर पानावर गेली. पान वाढताना पहिल्यांदा मीठ वाढतात. त्या पानावर मिठाची जागा मोकळी होती. शेजारी अम्माचं पान होतं, तिथंही मोकळी.

“अम्मा, मीठ कुठंय?”

“मंडल आहे ना रे,” अम्मा म्हणाली. “सदतीस दिवस कणही शिवला नाही आम्ही.”

  नाक्यावरचा जटका, म्हणजे टांगा, आणून आम्ही तिला इस्पितळात नेली. वाटभर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी तिची नाडी शोधत होतो. कधी सापडायची, कधी नाही. समोर अम्मा डोळे मिटून स्तोत्र म्हणत होती. त्या घटकेला मी तिचा इतका द्वेष केला की ते आठवलं तर आजही अंगावर काटा येतो.

श्रीधररावांना निरोप गेला आणि ते मल्लेश्वरमहून आले. शिरेतून सलाईन लावलं. कॉर्टिझोनचं इंजेक्शन हवं होतं, तातडीनं. ते तिथं शिल्लक नव्हतं. त्यांनी चिठ्ठी दिली आणि मी पळालो. ॲव्हेन्यू रोडवरची तीन दुकानं झाली. एकानं ‘मुंबईहून मागवतो, आठ दिवस लागतील’ म्हटलं. परदेशी मालावर तेव्हा निर्बंध होते. मग बस पकडून दंडूत गेलो, म्हणजे कँटोन्मेंटात. तिथं एका केमिस्टकडं एकच कुपी निघाली. तो ती कागदात गुंडाळायला लागला, दोरी शोधायला लागला. मी त्याच्या हातातून हिसकावली.

मी परतलो तेव्हा प्रेमा थोडी शुद्धीवर होती. इंजेक्शन दिलं गेलं. श्रीधरराव खाटेजवळ उभे होते. ते अम्माकडे वळले आणि मराठीतच विचारलं, “गोदूबाई, मीठ किती देत होता रोज हिला?”

अम्मा उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते, पण मान ताठ होती. आपल्या हातून कसूर झालेली नाही हे सांगायला मिळतंय, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. “एक कणही नाही, डॉक्टर. सदतीस दिवस. मी स्वतः रांधत होत्ये. ह्यांच्या वेळेला चुकले, या वेळेला डोळ्यांत तेल घालून जपली.”

 श्रीधररावांनी माझ्याकडे पाहिलं, मला खूण करून व्हरांड्यात नेलं आणि चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, “तुम्ही हे शिकवता ना कॉलेजात?”



दुपारी अम्मा अंगारा आणायला मठात गेली तेव्हा प्रेमानं डोळे उघडले. तुटक तुटक बोलत तिनं मला सारं सांगितलं, सुजेचं, वडिलांचं, ‘गुरूला सांगू नकोस’ म्हटल्याचं. “अम्मा रडत होती, अण्णा. मला वाटलं, अकराच दिवस राहिलेत.” थोड्या वेळानं म्हणाली, “तोंड कसंतरी झालंय रे. लोणच्याचा खार आण ना चमचाभर.” पोटात काही टिकत नव्हतं, तोंडावाटे काही द्यायचं नाही असं नर्सनं बजावलं होतं. “संध्याकाळी आणतो,” मी म्हटलं. ती म्हणाली, “मेष्ट्रे, नक्की हं.” आणायला हवा होता. नर्स गेली खड्ड्यात, बोटभर जिभेवर लावायला हवा होता.

तिला ताप भरला. दुसरी कुपी गावात नव्हती. मी तिच्या उशाशी बसून होतो आणि आत काय काय चाललं आहे, कुठल्या क्रमानं, ते मला पायरीपायरीनं ठाऊक होतं. रक्तातलं मीठ उतरलं, पाणी त्याच्यामागून गेलं, नाडी बारीक झाली, आता शुद्ध जाईल, आता पाय गार पडतील. मी मनात म्हणायच्या आधी ते घडत होतं. इतकं नेमकं ज्ञान आणि त्याचा काडीचा उपयोग नाही. चारच्या पुढं ती गेली. अम्मा अंगारा घेऊन दारात पोचली होती.

दिवसवार झाले. सुतक फिटल्यावर अम्मानं मंडलाचे उरलेले दिवस एकटीनं पुरे केले, तसंच अळणी जेवून. बोललेलं अर्धवट ठेवू नये म्हणे. मी तिच्याशी कामापुरतं बोलत होतो. आत मात्र मी रोज जुळवाजुळव करत होतो. कुठल्या शब्दांत सांगायचं, ग्रंथी म्हणजे काय, मीठ वाहून जातं म्हणजे काय, सूज कशानं आली होती, वडिलांचा रोग वेगळा आणि हिचा नेमका उलटा कसा. उभ्या जन्मात मी कुठल्या तासाची इतकी तयारी केली नव्हती. तिला कळायलाच हवं असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर, हे ओझं मला एकट्याला पेलवत नव्हतं. अर्धं तिनं घ्यावं असं वाटत होतं.

शेवटच्या प्रदक्षिणा घालून ती घरी आली त्या दिवशी मी कॉलेजला गेलो नाही. ती सोप्यात येऊन खांबाला टेकून बसली. दीड-दोन महिन्यांत अर्धी झाली होती. मी म्हटलं, “अम्मा, मला तुला एक सांगायचंय.”

“मला आधी विचारू दे,” ती म्हणाली. “खरं सांग. माझी शपथ आहे तुला.” मग तिनं आवाज खाली आणला, घरात दुसरं कुणी नव्हतं तरी. “ती चोरून मीठ खात होती का रे?”



“मी एवढं केलं,” ती म्हणाली. “दृष्टीआड होऊ दिली नाही. बरणी कुलपात ठेवली. मग कुठं चुकलं? मी विचार करून करून वेडी व्हायची पाळी आलीय. एक तर तिनं चोरून खाल्लं असेल. नाहीतर मग माझंच काहीतरी…”  तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता.

मी जुळवलेली वाक्यं सगळी तयार होती. मी तोंड उघडलं.

“हो अम्मा,” मी म्हटलं. “खात होती. मी पाहिलं होतं.”

तिनं डोळे मिटले, एक लांब श्वास सोडला, आणि प्रेमा गेल्यापासून पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली.

त्यानंतर अम्मा नऊ वर्षं जगली. माझं लग्न झालं, मुलं झाली, ती त्यांच्यात रमली. पण कुठं प्रेमाचा विषय निघाला की येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, “गुणाची पोर होती हो, पण जिभेवर ताबा नव्हता तिचा. चोरून मीठ खायची, म्हणून गेली. विचारा की गुरूला, त्यानं डोळ्यांनी पाहिलंय.” लोक माझ्याकडे बघायचे. आणि मी दर वेळी मान डोलवून म्हणायचो, हो, पाहिलंय.